दंडावरचा डाग

"यात घालून आण, ताई. उद्याच!"

धाकट्या भावानं रुंद तोंडाचा निळा थर्मास टेबलावर तिच्यासमोर ठेवला. नवाकोरा होता, झाकणावरचा कागदही अजून निघाला नव्हता. आत बर्फाचा कप्पा कुठे, बाटल्यांचा कुठे, हे त्यानं दुकानात उभं राहून नीट विचारून घेतलं असणार. शिलाईयंत्रं दुरुस्त करणारा माणूस तो, कुठलीही वस्तू उघडून पाहिल्याशिवाय घरी आणायचा नाही. आणि आता तो तिच्याकडे अशा काही आशेनं बघत होता... लहानपणी तापानं फणफणला की ताई बाहेरून येताना आपल्यासाठी काय आणते म्हणून दाराकडे डोळे लावून पडून राहायचा, अगदी तसा!

तिला नाही म्हणायचं होतं, आणि ते या डोळ्यांकडे बघत म्हणायचं होतं.

"बाळ, ते अजून औषध झालेलं नाही रे."

"मग काय मीठ-साखर आहे? तूच सांगितलंस ना, उंदीर बरे होतात म्हणून? उंदरांना चालतं, आणि माझी पोर उंदरांपेक्षाही गेलेली?"

"काही बरे झाले. पण मात्रा जरा इकडची तिकडे झाली, तेव्हा काहींचं दुखणं दुपटीनं उफाळलं, तेही मी याच डोळ्यांनी पाहिलंय. माणसाला किती द्यायचं ते अजून कुणालाच ठाऊक नाही. मी कसं आणू?"

"तुझी स्वतःची पोर असती तर आणलं असतंस!"

स्वयंपाकघरात भावजयीनं नळ बंद केला. आतल्या खोलीत, पडद्याआड, त्याची पोर भिंगरी जागी होती हे तिघांनाही माहीत होतं. ताई थर्मासच्या झाकणावरचा कागद नखानं उगीच खरवडत राहिली, आणि तिचं ते गप्प राहणं भावाला कबुलीसारखं वाटलं.

"कळलं मला," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. "दुसऱ्यांच्या लेकरांसाठी प्रयोगशाळेत मर मर मरशील, आपल्या रक्ताच्या पोरीसाठी एक बाटली उचलवत नाही! परकी ती परकीच. जा. पुन्हा या घराची पायरी चढू नकोस!"

परकी! ज्याला भरवल्याशिवाय तिनं कधी घास घेतला नव्हता, त्यानं तिला परकी म्हणावं! आई गेली तेव्हा तो शाळेतही जात नव्हता आणि तिचं कॉलेज नुकतंच सुरू झालेलं. ते सोडून ती औषधांच्या कारखान्यात बाटल्यांवर लेबलं चिकटवायला लागली, त्याला मोठा केला, त्याला हुन्नर शिकवला, त्याचा संसार मांडून दिला, आणि मग राहिलेलं शिक्षण वाढत्या वयात, नव्या पोरापोरींच्या शेजारी बसून पुरं केलं. लग्नाचं वय कधी निघून गेलं ते तिच्या लक्षात आलं नाही, आणि घरातल्या इतर कुणी आणूनही दिलं नाही, कारण तिच्यावाचून सगळ्यांचंच अडत होतं. लोक अशा बाईला 'थोर' म्हणतात आणि मोकळे होतात.

ती उठली. चपला घालताना भावजय दाराशी आली आणि पदराच्या टोकाशी चाळा करत हळूच म्हणाली, "वन्सं, ते रागात बोलतात हो..." ताईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि जिना उतरली. रडू आलं ते पार खाली, फाटकाशी पोचल्यावर.

भिंगरी हे भाचीचं लाडाचं नाव होतं. चालायला लागल्यापासून ही मुलगी एका जागी कधी उभी राहिलीच नाही. आरशापुढे गिरकी, जिन्यात गिरकी, आत्या दारात दिसली की फ्रॉकचा घेर गच्च फुलेपर्यंत गिरक्या! आणि कॉलेजात जायच्या वयात ती भिंत धरून चालायला लागली. आधी बोटं सुजली, मग गुडघे, मग गालांवर लाली चढली आणि तपासण्यांमध्ये मूत्रपिंडालाही धक्का पोचल्याचं निघालं. बाहेरून कुठलाही जंतू आला नव्हता. परक्याला ओळखून त्याच्याशी लढायचं ज्यांचं काम, त्या शरीरातल्या पेशीच बिथरल्या होत्या आणि घरच्यांनाच शत्रू समजून त्यांच्यावर तुटून पडत होत्या. नेहमीच्या गोळ्या त्या सगळ्याच पहारेकऱ्यांना सरसकट गुंगी देत. दुखणं थोडं दबे, पण मग साधी सर्दीही महागात पडे, चेहरा सुजे, हाडं पोकळ होत.

नियतीचा खेळ असा की, ताईचं सगळं काम नेमक्या याच दुखण्याभोवती फिरत होतं. तिच्या प्रयोगशाळेत पेप्टाइडं बनत. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यांचीच ही आखूड माळ, एकेक मणी ओवून तयार करायची. एक मणी चुकला की सगळं ओवणं वाया. यातली काही पेप्टाइडं बिथरलेल्या पेशींपर्यंत जाऊन ठरावीक जागी बसतात आणि त्यांना शांत करणाऱ्या पेशींचं बळ वाढवतात. बाकीचा पहारा जागाच राहतो. काही अगदी उलट, दमून झोपलेल्या पहाऱ्याला उठवणारी. हटून बसलेल्या संसर्गात आणि कर्करोगात त्यांचा उपयोग होईल का, यावर इतर ठिकाणी डोकेफोड चालू होतीच. पोटात दिली तर ती अन्नासारखी पचून जातात, म्हणून सुईनंच द्यायची. आणि सुईनं दिली तरी शरीर त्यांची बघता बघता खांडोळी करतं. ताईनं पुष्कळ वर्षं घालवून एका अगदी आखूड माळेच्या टोकाचा एक मणी असा बदलला होता की ती लवकर तुटत नव्हती. कागदोपत्री तिला नुसता क्रमांक होता. सगळ्यांत लहान म्हणून प्रयोगशाळेत तिला 'धाकटी' म्हणत.

घरातला धाकटा तुटला, आणि ताई धाकटीला घट्ट धरून बसली. दुसरं तिच्याजवळ होतंच काय!

हळूहळू उंदरांचं काम संपलं. मग धडधाकट स्वयंसेवकांना औषध देऊन पाहिलं गेलं. त्यात कुणाला धोका झाला नाही. एकच गोष्ट दिसली, सुई टोचलेल्या जागी थोड्याच वेळात नाण्याएवढा लाल डाग उठायचा आणि दोन दिवस राहायचा. त्याभोवती पेनानं गोल काढून ठेवायचं, डाग गोलाबाहेर गेला तर डॉक्टरांना कळवायचं, अशी पद्धत ताईनंच घालून दिली होती. असे कितीतरी दंड तिनं स्वतः पाहिले होते. आता खऱ्या रुग्णांवरची चाचणी सुरू होणार होती. निम्म्यांना औषध, निम्म्यांना तसंच दिसणारं खारं पाणी. कुणाला काय ते ना रुग्णाला ठाऊक, ना डॉक्टरला. डागावरून ओळखू येऊ नये म्हणून तपासणाऱ्या डॉक्टरपासून दंड झाकून ठेवायचे, आणि डागाचा अर्थ रुग्णांना सांगायचा नाही. चाचणी शेवटपर्यंत पुरी करणाऱ्याला मात्र, औषध गुणकारी ठरलं तर, ते नंतर मिळणारच होतं. मध्येच सोडून जाणाऱ्याला नाही.

एके दिवशी दुपारी भावजयीचा फोन आला. नवरा दुकानात गेला की ती असा चोरून फोन करायची.

"वन्सं, चांगली बातमी! मोठ्या हॉस्पिटलात एका नव्या औषधाची चाचणी आहे, त्यात आपल्या भिंगरीचं नाव घालणार आहेत!" आणि मग तिनं औषधाचा क्रमांक सांगितला.

ताईच्या हातून फोन निसटायचाच राहिला. तो धाकटीचा क्रमांक होता!

"त्यांनी विचारलं," भावजय चाचरत पुढे म्हणाली, "औषध बनवणाऱ्यांच्यात तुमचं कुणी नात्याचं काम करतं का, तसं असेल तर घेता येत नाही. तुमच्या औषधाचा क्रमांक काय ते यांना ठाऊक नाही, मलाही नाही, वन्सं. पण तुमचा विषय निघाला असं वाटून यांचं डोकं फिरलं, आणि ताडकन म्हणाले... 'आमचं कुणी नाही.'"

आमचं कुणी नाही! ताईनं फोन ठेवला. तो खोटं बोलला होता, रागानं आंधळा होऊन बोलला होता, आणि ते उघडं पडलं की भिंगरीचं नाव कटणार होतं. त्याला सांगावं की हे माझंच औषध आहे? मग तर तो मुलीला हाताला धरून परत आणील. ताईच्या हातचं पाणीही नको म्हणणारा माणूस तो! आणि गप्प बसावं, तर तिच्या नावावर चाललेल्या चाचणीत तिची भाची खोटेपणानं शिरणार... छे, तेही तिला जमण्यासारखं नव्हतं. मग उरला एकच मार्ग. भावाचं ते वाक्य खरं करून टाकायचं.

प्रयोगशाळेच्या प्रमुखांना सगळे 'थोरले सर' म्हणत. ताईनं त्यांना सगळं काही सांगितलं, काहीही हातचं राखून न ठेवता. ऐकता ऐकता त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे तुम्ही सोडून जाणार? आत्ता? अहो, हाता-तोंडाशी आलंय सगळं! धाकटी तुमची आहे. उद्या जग विचारेल की ही कुणी केली..."

"तुमच्या सगळ्यांची नावं आहेत की, सर."

"आणि तुमचं?"

"माझं नको. हक्क नको, संबंध नको. चाचणीच्या समितीपुढे सगळं स्पष्ट ठेवा. मी पुरती बाहेर पडल्यावर त्यांना पटलं तरच त्या मुलीला घ्या. फक्त माझ्या भावाला कळू देऊ नका. कळलं तर तो तिला काढून नेईल." आणि मग तिचा इतका वेळ सांभाळलेला धीर सुटला. "सर, धाकटी मी वाढवली तशीच त्यालाही मी वाढवलंय हो! एकीला सोडल्याशिवाय दुसऱ्याचं लेकरू वाचत नसेल, तर मी काय करू?"

समितीनं पुष्कळ काथ्याकूट करून मान्यता दिली. ताईनं पांढरा कोट घडी करून खुर्चीवर ठेवला, आणि शहराच्या पाणीपुरवठ्याच्या छोट्या प्रयोगशाळेत कामाला लागली. तिथे रोज टाक्यांमधल्या पाण्याचे नमुने येत. त्यात जंतू किती, क्लोरीन किती, एवढंच बघायचं. तिथला कारकून सुरुवातीला तिला विचारायचा, "बाई, तुम्ही म्हणे आधी फार मोठं काहीतरी करत होता?" ती म्हणायची, "मणी ओवत होते." त्याला ते दागिन्यांचं वाटायचं आणि तो बायकोच्या तुटलेल्या माळा ओवून मागायचा. आणि ही वेडी ओवूनही द्यायची!

भावजयीनं एकदा हट्टानं बोलावलं. "हे संध्याकाळपर्यंत यायचे नाहीत. भिंगरी सारखी आत्या आत्या करते हो..." पायरी चढू नकोस म्हणाला होता तो. पण लेकराची हाक ऐकल्यावर पायऱ्या कुठे आठवतात! ती गेली.

भिंगरी खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. सुजलेल्या चेहऱ्यातून तिचे डोळे तेवढे ओळखीचे उरले होते. "आत्या, उठून गिरकी घेतली असती, पण खुर्ची सोबत येईल," ती म्हणाली आणि हसली. आत्यानं तिचं डोकं छातीशी धरलं.

"कालच सुई झाली," भावजय उत्साहानं सांगायला लागली. "बघा तरी, वन्सं! तिथे येणाऱ्या दुसऱ्या मुलींचे दंड कसे लालबुंद होतात म्हणे. आणि हिला? साधा डागसुद्धा नाही! हे तर गल्लीभर सांगत सुटलेत, आमच्या पोरीला औषध असं मानवलंय की अंगाला कळतही नाही!"

तिनं मुलीची बाही वर केली.

दंड स्वच्छ होता. सुईची बारीक टिंबासारखी खूण, आणि भोवती पांढरी, शांत, नितळ कातडी... ताईचा अंगठा त्या जागेवरून फिरला आणि फिरता फिरता थांबला. पाणी! तिच्या भिंगरीला पाणी मिळत होतं! जिच्यासाठी तिनं जन्मभराचं काम टाकलं, तिच्या वाट्याला नुसतं खारं पाणी आलं होतं, आणि हे या खोलीत, या गल्लीत, साऱ्या जगात फक्त तिला एकटीला कळलं होतं.

"चांगलंय ना, आत्या?" भिंगरीनं विचारलं. ती तिच्याकडे टक लावून बघत होती.

सांगावं? ओठांवर आलं होतं. सांगितलं तर हे लोक उद्याच चाचणी सोडतील, आणि सोडली की पुढचं खरं औषधही गेलं. शिवाय त्या लालबुंद दंडांच्या आणि पांढऱ्या दंडांच्या साऱ्या मुली... एकीनं गुपित फोडलं तर सगळ्यांचेच निकाल डागाळणार. आणि न सांगावं, तर ही पोर आणखी कितीतरी महिने पाण्यावर झुरणार! हे भगवंता, कुठल्याही आत्यावर अशी वेळ आणू नकोस...

"घेत राहा, राजा," ती म्हणाली. "काही झालं तरी मध्येच सोडू नकोस. आत्याला वचन दे."

भिंगरीनं आधी आपल्या दंडाकडे बघितलं. मग तिनं आपला हात आत्याच्या हातावर ठेवला. "दिलं," ती म्हणाली.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. घरी विसरलेला कसला तरी पेचकस न्यायला भाऊ परत आला होता. ताईला बघून तो उंबऱ्यातच थबकला.

"हिला कुणी बोलावलं?"

"बाबा, मी..." भिंगरी म्हणाली.

"तू बोलू नकोस!" तो ताईकडे वळला. रागानं आणि, काय सांगावं, कदाचित तिला इतक्या दिवसांनी बघून, त्याचा चेहरा थरथरत होता. "बघायला आलीस ना, तुझ्यावाचून आमचं अडतंय का? बघ! देवमाणसं भेटली आम्हाला. कुणाची कोण ती माणसं, पण औषध देताहेत. माझी पोर बरी होतेय, ताई, तुझ्याशिवाय!"

ताईनं पिशवी उचलली. त्याच्या सदऱ्याचं वरचं बटण तुटलेलं होतं, ते तिच्या नजरेला आलं. त्या क्षणीसुद्धा आलं! "हो बाळ," ती म्हणाली. "माझ्याशिवाय." आणि त्याच्या बाजूनं, त्याला धक्का लागणार नाही अशा बेतानं, बाहेर पडली.

त्यानंतरचे महिने कसे गेले ते तिचं तिलाच माहीत. पाण्याचा नमुना उजेडात धरला की तिला भरून यायचं. भावजयीचे फोन येत. दुखणं पुन्हा उसळलं, गोळ्यांची मात्रा वाढवली, आणखी वाढवली... आणि मग एकदा भावजय नुसतीच रडली. त्या गोळ्यांनी भिंगरीच्या मांडीच्या हाडाचा कमरेतला गोळा झिजला होता. चाल कायमची लंगडी राहणार होती. ताई त्या दिवशी हॉस्पिटलच्या समोरच्या फुटपाथवर, बसथांब्याच्या आडोशाला, दुपारभर उभी राहिली. भाऊ मुलीला रिक्षातून दोन्ही हातांवर उचलून आत नेताना तिला दिसला. केस किती पिकले होते त्याचे! त्याला हाक मारायचा हक्क तिला उरला नव्हता, म्हणून ती मनातल्या मनातच हाका मारत राहिली.

आणि अखेर चाचणी संपली. निकाल उघडले. धाकटी जिंकली होती! ज्यांना औषध मिळालं त्यांतल्या बऱ्याच जणींचं दुखणं निवलं होतं. सगळ्यांचं नाही, पुरतं नाही, पण निवलं होतं. पाणी मिळालेल्यांना आता औषध सुरू होणार होतं. हॉस्पिटलमध्ये रुग्णांच्या घरच्यांना बोलावून हे समजावून सांगायला थोरले सर स्वतः आले होते.

"पाणी?" भाऊ उठून उभा राहिला. निम्म्यांना पाणी मिळेल हे सही घेताना सांगितलं होतं, पण आपल्या पोरीच्या वाट्याला तेच येईल असं त्याच्या मनातही आलं नव्हतं. "इतके दिवस माझ्या पोरीला पाणी टोचत होता? तिचं हाड गेलं हो! कुणाला माहीत होतं हे?"

"कुणालाच नाही," सर शांतपणे म्हणाले. ते जवळ आले, त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसले. "तुमच्या ताई कशा आहेत?"

"माझ्या ताईचा इथे काय संबंध?"

"हे औषध त्यांचं आहे," सर म्हणाले. "तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, 'आमचं कुणी नाही.' नात्यातलं असतं तर तुमच्या मुलीला घेता आलं नसतं. म्हणून त्यांनी नोकरी सोडली, नाव सोडलं, सगळं सोडलं. तुम्ही रागानं बोललात ते त्यांनी खरं करून दाखवलं. तुम्हाला कळू देऊ नका, असं त्यांनीच बजावलं होतं. आता चाचणी संपली, आता मला हे ओझं नको."

भाऊ खाली बसला. किती वेळ बसला होता कोण जाणे; शेवटी झाडलोट करणाऱ्या बाईनं त्याला पाय वर घ्यायला सांगितलं, तेव्हा भानावर आला.

रविवारी सकाळी ताईचं दार वाजलं. दारात तिघंही होती. भावजयीच्या डोळ्यांना पदर लागलेला, भिंगरीच्या हातात काठी, आणि भावाच्या हातात तो निळा थर्मास. झाकणावरचा कागद अजूनही तसाच होता, एका कोपऱ्यातून खरवडलेला.

"ताई," तो म्हणाला. पुढचं त्यानं वाटेत पाठ करून आणलेलं असावं, पण ते सगळं विसरला. "ताई, मला आत येऊ देशील?"

"बावळटा!" ती एवढंच म्हणू शकली.

आणि तो टोणगा, केस पिकलेला बाप्या माणूस, तिच्या गळ्यात पडून लहान पोरासारखा हमसून हमसून रडला! "मी तुला परकी म्हणालो... ज्या तोंडानं तुझ्या हातचं खाल्लं, त्याच तोंडानं म्हणालो... मला मार, ताई, पण अशी गप्प राहू नकोस!" ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग सगळ्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि त्याचा सदरा उतरवून घेऊन बटण लावायला बसणार, तेवढ्यात भावजयीनंच तिच्या हातून सुई-दोरा काढून घेतला.

"पहिल्या दोन सुया हॉस्पिटलात झाल्या," भाऊ नाक पुसत म्हणाला. "आता घरी द्यायचीय. नर्सनं मला शिकवलंय, पण आजची तू दे." त्यानं थर्मासमधून इवलीशी बाटली काढली, पावडरीत पाणी सोडलं, आणि खोकल्याचं औषध हलवतात तशी खळखळ हलवायला घेतली.

"अरे अरे, हलवू नकोस!" ताई ओरडली. "फेस झाला की मेली ती! आण इकडे. यंत्रात तेल घालतोयस का?"

कितीतरी दिवसांनी त्या चौघांमध्ये हसू उमटलं. ताईनं बाटली दोन तळव्यांत धरून सावकाश गोल फिरवली. तिची धाकटी, केवढ्या काळानं हातात आली होती! पावडर विरघळली, पाणी नितळ झालं. भिंगरीनं बाही वर केली. ताईनं दंड पुसला आणि सरावलेल्या हातानं सुई टोचली.

सगळेजण त्या जागेकडे बघत बसले. आधी काहीच दिसेना. मग हळूहळू कातडी गुलाबी झाली, आणि बघता बघता नाण्याएवढा लाल, गरम डाग उठला.

तो बघितला आणि ताईचा बांध फुटला. "मला माहीत होतं!" ती म्हणाली. "बाळ, मला माहीत होतं रे! त्या दिवशी हिचा दंड बघितला तेव्हाच कळलं होतं मला की हे पाणी आहे. मी गप्प राहिले. सांगितलं असतं तर तू हिला काढून नेलं असतंस, आणि आज हेही मिळालं नसतं, असा हिशेब केला मी... पण तिचं हाड गेलं! मी गप्प राहिले आणि माझ्या भिंगरीचं हाड गेलं! त्यासाठी मला क्षमा करू नकोस. करूच नकोस!"

भावाचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो काही बोलणार, कदाचित पुन्हा काहीतरी न विसरता येण्यासारखं बोलणार, इतक्यात काठी जमिनीवर पडल्याचा आवाज झाला. भिंगरी उठून, टेबल धरून, आत्यापाशी आली होती.

"मलाही माहीत होतं, आत्या."

"काय?"

"तुझा अंगठा थांबला ना इथे," तिनं दंडावर बोट ठेवलं, "तेव्हाच. तिथे येणाऱ्या मुलींचे दंड बघून संशय होताच, पण तुझा चेहरा बघितला आणि खात्री झाली. मी विचारलं असतं तर तुला खोटं बोलावं लागलं असतं. म्हणून नाही विचारलं."

"अगं, मग आम्हाला का नाही सांगितलंस?" तिची आई कळवळून म्हणाली. "का सोसलंस इतकं?"

"आत्यानं वचन घेतलं होतं." भिंगरी खाली मान घालून म्हणाली. "आणि बाबा, ती तुम्ही तेवढं बोलूनसुद्धा आली होती. तिनं माझ्याकडे एवढंच मागितलं होतं; तेही दिलं नसतं, तर तिला दुसरं काय उरलं असतं?"

ताईनं तिला जवळ ओढलं. कुणी कुणासाठी काय गिळलं होतं ते आता कुठे सगळ्यांना कळत होतं, आणि कळून उपयोग काय, हाड काही परत येणार नव्हतं! भाऊ खिडकीकडे तोंड करून उभा राहिला होता. त्याचे खांदे हलत होते.

त्याचा फोन वाजला. हॉस्पिटलची नर्स होती. घरच्या पहिल्या सुईची चौकशी करत होती. डाग आला का? आला. खाज? नाही. मग तिनं विचारलेलं सगळ्यांनाच ऐकू आलं, "टोचलं कुणी? घरचंच कुणी होतं ना?"

भाऊ वळला. ताईकडे बघितलं. नर्स पलीकडून "हॅलो, हॅलो" करत राहिली.

"हो," तो शेवटी म्हणाला. "घरचंच. आमची ताई आहे."

ताईनं पर्समधून पेन काढलं आणि जुन्या सवयीनं त्या लाल डागाभोवती गोल काढायला घेतला. डोळ्यांपुढे धूसर झालं होतं.

"आत्या, वाकडा आलाय," भिंगरी म्हणाली.

"असू दे," आत्या म्हणाली, आणि पुन्हा पहिल्यापासून गिरवायला लागली.